यादीतला शेवटचा रकाना

त्या रविवारी दुपारी जेवायला आम्ही तिघं होतो. ज्यांच्या माडीवर मी खोली भाड्याने घेतली होती त्या बाई, त्यांच्या बहिणीचा मुलगा आणि मी. बाईंना मी काकू म्हणत असे. त्यांचे यजमान रेल्वेत होते, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. म्हणून भाचा दर रविवारी मावशीची खबर घ्यायला यायचा, आणि काकू मलाही खालीच जेवायला बोलवायच्या. हा भाचा माझ्याच ऑफिसात कारकून होता, पण दुसऱ्या इमारतीत. थंडीचे दिवस होते, काकूंनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या होत्या. तिसरी वडी उचलत तो म्हणाला,

"मॅडम, मानलं तुम्हाला. काय चीज बनवून ठेवली! नाव टाकलं की माणसाची सगळी कुंडली समोर. आमच्या साहेबांची जन्मतारीख पाहिली मी. अजून सहा वर्षं आहेत रिटायर व्हायला, आणि सगळ्यांना सांगून राहिले की आता काय, चाललोच मी."

काकू हसल्या. "कोणाचंही नाव टाकता येतं?"

"कोणाचंही. बाप कोण, घर कुठे, जात कोणती, सगळं येतं." मग तो माझ्याकडे वळला. "तुमचंच नाही पाहिलं अजून. उद्या पाहतो."

तो थट्टेत बोलत होता. मीही हसले असेन. पण पोट दुखतंय म्हणून उठले. काकू मागून म्हणाल्या, "ओवा देऊ का गं?" मी नको म्हटलं आणि जिना चढून खोलीचं दार आतून लावून घेतलं. हात धुवायचेही राहिले होते.

मी बौद्ध आहे हे काकूंना माहीत नव्हतं.

माझं गाव खापा. वडील हातमागावर विणकाम करायचे. दीक्षेच्या वेळी ते खाप्याहून काही वाट बैलगाडीने आणि काही पायी नागपूरला आले होते, आणि घरातले देव त्याच आठवड्यात कन्हान नदीत सोडले होते. मी शिकले, नोकरीला लागले, आणि सत्त्याऐंशीच्या सुमारास आमच्या सरकारी ऑफिसात नवा संगणक कक्ष निघाला तेव्हा तिथे माझी बदली झाली. खाप्याहून रोज येणं जमेना म्हणून सीताबर्डीच्या मागच्या गल्ल्यांत खोली शोधायला लागले. तीन घरांनी नकार दिला. पहिल्या घरी मी खरं सांगितलं, तर खोली आधीच दिली आहे असं कळलं. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे महिनाभर तशीच लटकत होती. दुसऱ्या घरी चहा मिळाला, मग चौकशी झाली, आणि मी उठल्यावर बाईंनी कप उचलला नाही. तिसऱ्या घरी दारातूनच परत फिरवलं.

चौथं घर काकूंचं. आमचं आडनाव आमच्यातही असतं आणि कुणब्यांतही. काकूंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कुणबी तुम्ही." मी मान हलवली की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण नाही म्हटलं नाही, एवढं खरं.

त्यानंतरचे चौदा महिने मी त्या घरात जपून पावलं टाकत राहिले. काकू मनाने चांगल्या होत्या, आणि त्यांच्या चांगुलपणाचंच मला जास्त भय वाटायचं. "जरा देवापुढची वाटी आण गं," त्या स्वयंपाकघरातून सांगायच्या आणि माझे तळहात ओले व्हायचे. माझ्या पेटीत सगळ्या कपड्यांच्या खाली बुद्धाची तसबीर होती. ती मी कधी बाहेर काढली नाही. वडील पोस्टकार्डाच्या माथ्यावर 'नमो बुद्धाय' लिहून मजकूर सुरू करायचे. मी त्यांना कळवलं की पोस्टकार्ड नको, बंद आंतरदेशीय पाठवा, इथे कार्डं गहाळ होतात. ते खोटं होतं. त्यांनी कारण विचारलं नाही, आंतरदेशीय पाठवू लागले.

आणि आता मीच माझ्या हाताने एक अशी वस्तू तयार केली होती की माझं नाव टाकलं की ते सगळं पडद्यावर येणार होतं.

ती वस्तू काय होती ते सांगायला हवं. आमच्या ऑफिसात आठ-नऊशे माणसं होती आणि त्यांच्या याद्या तीन. एक टेलिफोन ऑपरेटरकडे, एक पगारपत्रकाची, एक आस्थापना शाखेची. एखाद्याची शाखा बदलली की एका यादीत तो जुन्या खोलीत बसायचा, दुसरीत नव्या, आणि तिसरीत त्याच्या नावाचं स्पेलिंगच वेगळं असायचं. निवृत्त झालेल्या एका बाबूंच्या नावाने वर्षभर फाइली जात होत्या. दोन्ही इमारतींत एकेक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेली काही टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, आली, मध्ये टेलिफोनची तार जोडली, तेव्हा कंपनीकडून पुण्याचा एक तरुण इंजिनियर आला. त्याने आमच्या कक्षाच्या साहेबांना आणि मला समोर बसवून सांगितलं,

"यादी तुमच्याकडे आहेच, एक सोडून तीन आहेत, म्हणून तर घोळ होतोय. डिरेक्टरी म्हणजे विचारायची एक जागा. माणूस असो, टर्मिनल असो, प्रिंटर असो, ज्याला नाव आहे त्याची नोंद तिथे. नाव सांगायचं, तो कुठे आहे, कोण आहे, ते कळतं. लिहिणारे एक-दोघंच. विचारणारे सगळे. आणि कोणीही कुठूनही विचारलं तरी उत्तर तेच यायला हवं. परदेशात याला डिरेक्टरी सर्व्हिस म्हणायला लागलेत."

"आणि दुसऱ्या इमारतीत?" साहेबांनी विचारलं.

"तिथल्या यंत्रात हिची नक्कल राहील. रोज पाच वाजता तिथला माणूस एक आज्ञा देईल, की नवी नक्कल उतरेल." मग त्याने घड्याळ पाहिलं, त्याची गाडी होती. "अजून एक असतं. कोणी विचारलं ते पाहून त्याला किती सांगायचं, तेही डिरेक्टरीनेच ठरवायचं असतं. ते मी पुढच्या खेपेला बसवून देतो."

पुढची खेप दोन महिन्यांनी होती. नोंदी भरायचं काम माझ्याकडे आलं. आस्थापनेने रकाने ठरवून दिले: नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, शाखा, टर्मिनल, फोन, जन्मतारीख, घरचा पत्ता, आणि शेवटचा, प्रवर्ग. सेवापुस्तकं गठ्ठ्यांनी यायची, मी बघून बघून टाइप करायची. माझं सेवापुस्तकही त्यातच एका गठ्ठ्यात आलं. दुपारी तीनचा सुमार असेल. डोळे जड झाले होते. आधीच्या माणसाचं भरलं तसंच मी माझंही भरलं आणि पान उलटलं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी पोचले. शिपाई झाडत होता. टर्मिनल सुरू करून मी माझं नाव टाकलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक ओळ उतरत आली, वडिलांचं नाव, खाप्याचा पत्ता, आणि तळाशी: एस. सी. (नवबौद्ध).

त्या नोंदी बदलायचा अधिकार दोघांनाच होता, साहेबांना आणि मला. साहेबांना ते जमत नव्हतं. म्हणजे मलाच. मी दाराकडे पाहिलं. शिपाई पाठमोरा होता. मी शेवटच्या रकान्यावर गेले, अक्षरं पुसली आणि बटण दाबलं. मग पुन्हा नाव टाकून पाहिलं. शेवटची ओळ कोरी.

पाच मिनिटं इतकं हलकं वाटलं की मी शिपायाला चहा आणायला सांगितला. चहा यायच्या आत आठवलं, भाचा दुसऱ्या इमारतीत बसतो. तिथल्या यंत्रात जुनीच नक्कल आहे, आणि ती पाच वाजेपर्यंत तशीच राहणार. तो म्हणाला होता, उद्या पाहतो.

मी सायकल काढली. साहेब येताच त्यांना 'तिकडचं टर्मिनल अडतंय' असं सांगून निघाले. दहा मिनिटांचा रस्ता. व्हरायटी चौकात हवालदाराने हात दाखवला तो मला दिसलाच नाही, एका ट्रकच्या पुढून गेले, ड्रायव्हर ओरडला. मला एकच ऐकू येत होतं, भाच्याचं ते वाक्य. त्याने पाहिलं असेल तर तो संध्याकाळपर्यंत थांबायचा नाही. दुपारच्या सुट्टीतच मावशीकडे जाईल. मी घरी जाईन तेव्हा माझी पेटी जिन्याखाली आणून ठेवलेली असेल, आणि वरच्या कपड्यांखाली काय आहे ते त्यांनी पाहिलेलं असेल.

टर्मिनलच्या खोलीत पाच-सहा जण होते. खुर्चीत भाचा, बाकीचे त्याच्या मागे वाकून उभे. तो मला पाहून मोकळेपणी हसला. "या मॅडम, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो." त्या हसण्यावरून कळलं, अजून पाहिलं नाही. मी मागच्या टर्मिनलवर बसले आणि नक्कल उतरवायची आज्ञा दिली. टेलिफोनच्या तारेवरून ती हळूहळू उतरायची, पंधरा-वीस मिनिटं लागायची. मी पडद्याकडे बघत बसले. मागे त्यांचा खेळ चालू होता.

एकेक नाव कोणी तरी सुचवायचं, भाचा टाकायचा, आणि सगळ्यांत आधी तळाची ओळ वाचली जायची. जन्मतारखेचं नवल आता संपलं होतं. "हे घ्या, हे पण रिझर्वचेच." "याचं तर मला आधीच माहीत होतं." मग कोणी तरी रेकॉर्ड रूममधल्या एका जुन्या बाबूंचं नाव घेतलं. साठीला टेकलेले, पांढरा सदरा घालणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. भाच्याने नाव टाकलं. एकाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "अरेच्या! मला इतकी वर्षं वाटायचं, हे आपल्यातले."

कोणी हसलं नाही, कारण ते बाबू दारात उभे होते. हातात दोरीने बांधलेला फाइलींचा गठ्ठा होता. ते किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. आत येऊन त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला, "हे मागवलं होतं," म्हणाले, आणि निघून गेले. जाताना त्यांची नजर माझ्यावरून गेली. ते मला ओळखत होते. माझ्या वडिलांच्या गावाकडचे होते ते, आम्ही कोण हे त्यांना ठाऊक होतं. मी मान खाली घातली आणि पडद्यावर नक्कल कुठवर आली ते पाहू लागले.

नक्कल उतरली. खोलीतलं अवघडलेपण घालवायला म्हणून असेल, भाचा म्हणाला, "चला, आता मॅडमचंच पाहू," आणि माझं नाव टाकलं. मी उठून उभी राहिले. ओळी आल्या. तळाची कोरी.

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही कावा नव्हता, साधं आश्चर्य होतं. "मॅडम, सगळ्या दुनियेचं भरलं आणि स्वतःचंच राहिलं? काहून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आठ-नऊशे नोंदींत कोरी तेवढी माझीच होती. 'राहून गेलं' असं काही तरी पुटपुटत मी बाहेर आले. सायकल काढली आणि परत निघाले.

परतताना दुसरी भीती सुरू झाली. सरकारी नोंद होती ती. आस्थापनेची बढत्यांची यादी पुढे याच नोंदींवरून निघणार होती. मी सेवापुस्तकावरून भरलेली नोंद मुद्दाम पुसली होती. याला फेरफार म्हणतात. फेरफार करून नोकरी गेलेली माणसं मी ऐकली होती. माझ्या पगारावर खाप्यात धाकटा भाऊ शिकत होता.

संध्याकाळी घराचा जिना चढताना काकूंनी हाक मारली. "अगं, जरा इकडे ये." मी कठड्याला धरून उभी राहिले. त्या बाहेर आल्या. "पोट कसंय? आणि वर जातेस तर हा गोड्या तेलाचा डबा जिन्यातल्या वरच्या फळीवर ठेव, माझा हात पोचत नाही." मी डबा ठेवला. खोलीत येऊन गोधडीत शिरले तरी थंडी जाईना.

मंगळवारी मी रजा टाकली आणि सावनेरवरून जाणारी खाप्याची बस धरली. वडील मागावर बसले होते. मला पाहून त्यांचे पाय थांबले.

"आज काहून आली वं? सुट्टी हाय का?"

"नाही. अशीच आली."

"अशीच कोनी रजा टाकते का? आंधी जेवून घे. मंग सांग."

आई शेतावर मजुरीला गेली होती. मी जेवले नाही. मागाशेजारी बसून सगळं सांगितलं, डिरेक्टरी, भाचा, दारात उभे असलेले बाबू, कोरी ओळ, ट्रक. वडील ऐकत होते. मधे एकदाच विचारलं,

"खोली घेतली तवा त्या बाईले काय सांगतलं होतं?"

"काहीच नाही सांगितलं."

"म्हनजे लपवलं." ते रागावले नव्हते. तुटलेला धागा ओला करून जोडत होते. आंतरदेशीय पत्रांचं कारण त्यांना तेव्हा कळलं असणार, त्यांनी तो विषय काढला नाही. मी रडायला लागले. म्हटलं, "बाबा, मले लय भेव लागते."

"लागनच. मलेही लागे. देव नदीत सोडले त्या दिवशी पाय लटलट कापत होते माहे." त्यांनी जोडलेला धागा ओढून पाहिला. मग म्हणाले, "त्या बुढ्याचं नाव वाचलं, तो दारात उभा होता, तवा तू काय केलं?"

"काही नाही."

माग पुन्हा सुरू झाला. मी तिथेच बसून राहिले आणि दुपारच्या बसने परत निघाले.

बुधवारी सकाळी पहिलं काम मी केलं ते माझी नोंद परत भरायचं. पुसलेलीच अक्षरं जशीच्या तशी टाइप केली. मग साहेबांच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. आत कोणी नव्हतं, तरी बराच वेळ मी आत गेले नाही. शिपायाने दोनदा विचारलं, "मॅडम, साहेब रिकामेच हायेत, जाता काहून नाही?"

साहेब शांत गृहस्थ होते, माणसांपेक्षा कागदात जास्त रमणारे. मी म्हटलं, "सर, डिरेक्टरीतला शेवटचा रकाना सगळ्यांसाठी बंद करायला हवा. घरचा पत्ता आणि जन्मतारीखही."

"का? ही माहिती काही गुप्त नाही. सेवापुस्तकात असतेच की."

"सेवापुस्तक कपाटात असतं सर. कपाटाची किल्ली आस्थापनेकडे. कोणाला पाहायचं असलं तर कशासाठी ते लिहून द्यावं लागतं. आता कोणीही येतो आणि पाहतो."

"पण कोण बघणार आहे?"

मी सोमवारचा सगळा प्रकार सांगितला. त्या बाबूंचं नाव घेतलं नाही, ज्यांची नोंद वाचली तेच दारात उभे होते एवढंच सांगितलं. भाच्याचंही नाव घेतलं नाही. साहेबांनी चष्मा काढला. मग मला वाटलं, आता उरलेलं नाही सांगितलं तर पुन्हा कधीच सांगणार नाही. म्हटलं, "त्या दिवशी सकाळी मी माझी स्वतःची नोंद पुसली होती. आज परत भरली."

"तुम्ही पुसलीत? अधिकार वापरून?"

"हो सर."

"कशासाठी?"

"मी जिथे राहते तिथे त्यांना माहीत नाही."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "हे मी ऐकलं नाही असं करता येणार नाही मला. लेखी खुलासा द्या. आणि त्या इंजिनियरला ट्रंक कॉल लावा."

खुलासा मी त्यांच्यासमोर बसून लिहिला. ट्रंक कॉल गुरुवारी लागला. तारेत खरखर होती, इंजिनियर ओरडून एकेक आज्ञा सांगत होता, मी कागदावर उतरवत होते, आणि साहेब रिसीव्हरची वायर गुंतू नये म्हणून हातात धरून उभे होते. तो म्हणाला, "सॉरी मॅडम, हे मी आधीच करायला हवं होतं. मला वाटलं, सरकारी ऑफिस, कोणाला काय पडलंय." संध्याकाळपर्यंत दोन पातळ्या झाल्या. कोणीही नाव टाकलं की हुद्दा, शाखा, टर्मिनल आणि फोन. बाकीचं आस्थापनेच्या एका टर्मिनलवर, वेगळ्या पासवर्डने, आणि कोणी कधी पाहिलं याची नोंद होऊन. पाच वाजता मी स्वतः दुसऱ्या इमारतीत जाऊन नक्कल उतरवली आणि उतरली की नाही ते तीन-तीनदा तपासलं.

शुक्रवार, शनिवार मी काकूंना टाळलं. रविवारी टाळता येणं शक्य नव्हतं. भाचा आला, पानं वाढली. तो जरा नाराज होता. "मॅडमनी आमचा खेळच बंद केला मावशी. आता काही दिसत नाही." मग त्याला आठवलं. "आणि गंमत म्हणजे यांची स्वतःचीच ओळ कोरी होती. तेवढी एकच!"

"कसली ओळ?" काकूंनी विचारलं.

"जातीची."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात भाताचं पातेलं होतं. त्या क्षणी काही सांगून वेळ मारून नेता आली असती. राहून गेलं होतं, भरलं नंतर, असं. मी तोंड उघडलं तेव्हा तेच म्हणणार होते.

"मी बौद्ध आहे काकू," मी म्हटलं.

भाच्याचा हात ताटात तसाच. मग काकूंनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "जेवण होऊ दे." आम्ही जेवलो. मी पान पुसून खाल्लं, कारण टाकलं असतं तर त्याचाही काही अर्थ निघाला असता. उठताना भाचा जिन्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मी मुद्दाम नाही केलं. खरंच." मला ते माहीत होतं. मी तसं म्हटलंही. पण माझं अंग त्याला पाहून आक्रसत होतं, ते मला थांबवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू माडीवर आल्या. चौदा महिन्यांत त्या पहिल्यांदाच वर आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खोली दिली असती?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "नाही," म्हणाल्या. "नसती दिली." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मी तुला जा म्हणत नाही. पण हे आल्यावर काय म्हणतील, मला सांगता येत नाही."

त्यांनी मला जा म्हटलं नाही, शेवटपर्यंत नाही. फक्त सकाळी नळावर माझ्या आधी त्यांचं पाणी भरून होऊ लागलं. देवापुढची वाटी त्या स्वतः उठून आणू लागल्या. रविवारी भाचा जेवायला आला तेव्हा मला खालून हाक आली नाही, एक झाकलेलं ताट जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवलेलं होतं. मी ते वर नेलं. त्यातलं मला काही खाववलं नाही. त्यांचे यजमान फिरतीवरून परतायच्या आत मी दुसरी खोली शोधायला लागले.

ऑफिसात महिन्याने माझ्या हातात कागद पडला. 'समज देण्यात येते.' म्हणजे नुसती ताकीद. माझ्या सेवापुस्तकात तो लागला. त्या महिन्याभरात दार वाजलं की मला वाटायचं, आला निलंबनाचा आदेश. समज वाचून मी बाकावर बसले आणि शिपायाने पाणी आणून दिलं. रेकॉर्ड रूममधले बाबू त्यावर माझ्याशी कधी बोलले नाहीत. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, मला हातात दिला तेव्हा विचारलं, "बाबा बरे आहेत? माग चालवतात का अजून?" एवढंच.

नवी खोली मिळाली ती पार दक्षिणेकडे, मनीषनगरच्या बाजूला. तेव्हा तिकडे निम्मी शेतं आणि निम्मे आखलेले प्लॉट होते, संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. घर नवंच बांधलेलं, बाहेरून अजून प्लास्टर व्हायचं होतं. एक पंजाबी बाई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी सायकल स्टँडवर लावली. त्यांनी 'आओ, बैठो' म्हटलं, पण मी बसले नाही. त्यांनी नाव विचारायच्या आधी, खोली पाहायच्याही आधी, मी जे सांगायचं ते सांगून टाकलं. शब्द अडखळत आले, हिंदी-मराठी मिसळून, आणि एकदा सांगून झाल्यावर पुन्हा एकदा सांगितलं, त्यांना समजलं नसेल तर म्हणून.

बाईंनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "पानी सुबह छह बजे आता है," त्या म्हणाल्या, "सिर्फ आधा घंटा. चलेगा क्या?"

चालेल म्हटलं. त्या किल्ली आणायला आत गेल्या आणि मी सायकलची सीट धरून उभी राहिले, कारण पाय अजूनही कापत होते.